गोटी कुठे थांबली?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातले रंगीत कागद आणि पुठ्ठे संपतात. शाळेत येणाऱ्या निम्म्या प्रतिकृती आईवडिलांनी रात्री जागून केलेल्या असतात. हे आपल्याला माहीत असतं, पालकांनाही माहीत असतं, आणि तरी आपण श्रेणी मुलाच्या नावापुढे लिहितो. मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाही. मागच्या वर्षी माझ्या मुलीची पवनचक्की मीच केली होती. ती रंग देत होती, तेवढ्यात रंग बाहेर जातोय म्हणून मी ब्रशही हातात घेतला. तिला अ-१ मिळाली. पवनचक्की फिरते का, हे कुणी विचारलं नाही. ती फिरत नव्हती.

हे सगळं आत्ता आठवलं ते एका खेळाच्या डब्यामुळे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. डिसेंबरच्या सुट्टीत ती मुलाला घेऊन आली, आणि जाताना सामानात जागा नव्हती म्हणून त्याचा एक जुना खेळ आमच्याकडे ठेवून गेली. तिथे लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, त्यातून घेतलेला. नाव माऊस ट्रॅप. दोन ते चार जणांनी खेळायचा. प्रत्येकाचा एक उंदीर. फाशाचं दान पडेल तसे उंदीर पटावर सरकतात, आणि खेळता खेळता पटाच्या मधोमध एक सापळा उभा करायचा, एकेक भाग जोडत.

हा सापळा म्हणजे निव्वळ वेडेपणा आहे. मूठ फिरवली की दातेरी चक्रं फिरतात. चक्र एका पाटीला मागे रेटतं, पाटीला रबर लावलेलं असतं, त्यामुळे ती सुटली की फटकन पुढे येते आणि एका बुटाला धक्का देते. बूट बादलीला लाथ मारतो. बादलीतली गोटी वेड्यावाकड्या जिन्यावरून उड्या मारत पन्हळीत जाते आणि पन्हळीच्या टोकाला उभ्या दांडीला धडकते. दांडीच्या वर एक हात, हातावर दुसरी गोटी. ती हलते, खाली बाथटबमध्ये पडते, टबाच्या भोकातून सुटून एका फळीवर आदळते. फळी म्हणजे आपली सी-सॉ. दुसऱ्या टोकावरचा माणूस हवेत उडतो आणि बादलीएवढ्या टबात जाऊन पडतो. त्या हादऱ्याने खांबाच्या टोकावरचा पिंजरा खडखड करत खाली येतो आणि उंदीर अडकतो. एवढं सगळं एका प्लास्टिकच्या उंदरासाठी!

हा खेळ १९६३ साली अमेरिकेत आयडियल कंपनीने काढला. तो तयार झाला शिकागोच्या मार्विन ग्लास यांच्या कार्यशाळेत. मूळ कल्पना मात्र रूब गोल्डबर्ग (१८८३-१९७०) या व्यंगचित्रकाराच्या चित्रांवरून आलेली. या गृहस्थांनी बर्कलेला अभियांत्रिकीची पदवी घेतली, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात काही महिने नोकरी केली आणि मग ती सोडून वर्तमानपत्रात चित्रं काढायला गेले. सोपं काम जास्तीत जास्त अवघड करणारी यंत्रं हा त्यांच्या चित्रांचा विषय. सूप पिताना आपोआप तोंड पुसणारा रुमाल, आणि त्यासाठी दोऱ्या, पळी, पोपट वगैरे. पुढे १९७०च्या दशकात सिड सॅक्सन यांनी माऊस ट्रॅपच्या नियमांत बदल केले. चीजचे तुकडे जमवायचे आणि ते खर्चून दुसऱ्याचा उंदीर सापळ्याखाली आणायचा प्रयत्न करायचा. त्याआधी खेळणाऱ्याने स्वतः ठरवावं असं खेळात जवळपास काहीच नव्हतं. खरं सांगू का, नियम बाजूला ठेवले तर आजही खेळ म्हणून तो सापशिडीपेक्षा फार वेगळा नाही. मजा सगळी सापळ्यात आहे.

आणि सापळा चालत नाही.

पहिल्या रात्री आम्ही जेवणं उरकून बसलो. मी, मुलगी (चौथीत आहे), पुतण्या आणि सासरे. तासाभराने सापळा उभा राहिला, पुतण्याचा उंदीर नेमका पिंजऱ्याखाली आला. मुलीने मूठ फिरवली. बूट हलला, बादली कलंडली, गोटी जिना उतरली, पन्हळीतून गेली, दांडीला लागली... आणि वरची गोटी जागची हलली नाही. मी पटकन बोट लावलं. गोटी पडली, माणूस उडाला, पिंजरा खाली आला. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

पुतण्या म्हणाला, "काकू, हे धरायचं नाही. तुम्ही ढकललं." बरोबरच होतं त्याचं. पुन्हा सगळं लावलं. या वेळी गोटी बादलीतून उडून पलंगाखाली गेली. मुलीने मूठ सोडली आणि म्हणाली, "आई, तूच करून दे. मला येत नाही."

पालकहो, हे वाक्य मला लागलं. वर्गात पहिली येणारी मुलगी. पाढे पाठ, शुद्धलेखन छान. आणि दोनदा गोटी अडकली तर "मला येत नाही"! हे तिला कुणी शिकवलं? गृहपाठात चुकलेलं मी खोडून देते, प्रकल्प मी पूर्ण करते, आणि तिच्या वहीत एकही खाडाखोड नसते याचा मला अभिमान. तिला बिचारीला चुकण्याची सवयच नाही.

सासरे एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी सापळ्याला हात लावला नाही. खुर्चीतूनच विचारलं, "गोटी कुठं थांबली?"

ती म्हणाली, "थांबली नाही आबा, उडाली."

"बरं, उडाली कुठून?"

"बादलीतून."

"मग जिना, पन्हळ, हात यांचा काय दोष? सगळं कशाला मोडतेस? बादलीच्या मागं काय हाय ते बघ."

बादलीच्या मागे बूट, बुटाच्या मागे पाटी, पाटीला रबर. डब्यातलं मूळ रबर वाळून तुटलं होतं, म्हणून मी मिठाईच्या पुड्याचं जाड रबर लावलेलं. ते इतकं जोरात ओढत होतं की बूट लाथ न मारता तोफ डागत होता. पुतण्याने बारीक रबर शोधून आणलं. बादली व्यवस्थित कलंडली. मग पहिली अडचण परत आली, हातावरची गोटी पडेना. आता मात्र मुलगी स्वतःहून म्हणाली, "आधी पुढचं चालतं का बघू." तिने गोटी हाताने फळीवर टाकली. माणूस उडाला, पण टबाच्या बाहेर. टब थोडा सरकवला. पुन्हा टाकली. आत. पिंजरा आला. म्हणजे तिथून पुढे सगळं ठीक. मग मागे. पन्हळ नीट बसली नव्हती, त्यामुळे गोटी येता येता मंदावत होती आणि दांडीला नुसती टेकत होती. साडेदहा वाजून गेले होते. मी तीनदा झोपायला चला म्हटलं, आणि तीनदा माझंच बोट पुढे जात होतं. शेवटी हात पाठीमागे बांधून बसले.

त्या रात्री सापळा एकदाच पूर्ण चालला.

आता मुद्द्यावर येते. सहावीच्या सामान्य विज्ञानात साधी यंत्रे आहेत: तरफ, उतरण, कप्पी. या सापळ्यात तरफही आहे, उतरणही आहे, पण मला ते सांगायचं नाही. मला सांगायचंय भागाकाराबद्दल. तुमच्या वर्गातल्या मुलाचा भागाकार चुकला की तो काय करतो? अख्खं गणित खोडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. बहुतेक वेळा परत तिथेच चुकतो. कारण भाग लावताना चुकलं, वजाबाकीत चुकलं, की वरचा अंक खाली घ्यायचा राहिला, हे तो बघतच नाही. आणि आपण तरी काय करतो? सगळ्या गणितावर लाल फुली. फुली सांगते "चुकलं". कुठे चुकलं ते सांगत नाही. मी गेली बारा वर्षं अशा फुल्या मारतेय.

म्हणून जानेवारीत वर्गात करून पाहिलं. आमची शाळा छोटी, तिसरी-चौथी एकत्र बसते. तो डबा शाळेत नेला नाही. लहान तुकडे हरवतात, शिवाय एका खेळाभोवती सगळा वर्ग कसा बसणार? अरविंद गुप्ता सरांनी काडेपेट्या आणि टाकाऊ वस्तूंतून किती खेळणी दाखवून ठेवली आहेत, तेव्हा सामानाचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. बांधकामावर उरलेले पीव्हीसी पाईपचे तुकडे, वह्यांचे पुठ्ठे, काडेपेट्या, गोट्या. बाकावरून सोडलेल्या गोटीने शेवटी जमिनीवरच्या ताटलीतलं घुंगरू वाजलं पाहिजे, आणि मध्ये किमान चार टप्पे पाहिजेत. चार गट, दोन तासिका. मी फक्त एकच प्रश्न विचारणार, तोच, आबांचा.

दोन गटांचं घुंगरू वाजलं. एकाचं एकदा वाजलं आणि नंतर शपथेला वाजेना. एकाचं वाजलंच नाही. पण त्या चौथ्या गटाने मला सांगितलं, "बाई, तिसऱ्या काडेपेटीपर्यंत येतंय. ती पुढं पडत नाही, आडवी पडते. फरशी तिथं उतरती हाय." फरशी खरंच उतरती आहे, पावसाळ्यात तिथेच पाणी साचतं. दुसऱ्या दिवशी काडेपेटीखाली पुठ्ठ्याची घडी घालायची, हेही त्यांचं ठरलं होतं. नोंदवहीत लिहिताना मी अडले. घुंगरू न वाजलेल्या या गटाला काय श्रेणी द्यायची? आणि न फिरणाऱ्या पवनचक्कीला आपण काय दिली होती?

एका पालकांनी गेटपाशी विचारलं, "बाई, यावर शिष्यवृत्तीला प्रश्न येतात का?" येत नाहीत. मी खोटं कशाला सांगू? दोन तासिका गेल्या, त्या आठवड्यात परिसर अभ्यासाचा पाठ मागे राहिला, तो शनिवारी घ्यावा लागला. हेही खरं आहे. आणि एक सावधगिरी: पुढची शांतता सहन होणं सोपं नाही. मुलं दहा दहा मिनिटं एकाच जागी अडतात. बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल बाई नुसत्या उभ्या आहेत. मला दोनदा वाटलं की आता सांगूनच टाकावं. एकदा सांगितलंही. त्या गटाने माझं ऐकून पाईप वर केला, त्यांचं चालत आलेलं बिघडलं, आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की काय सांगू!

गणिताच्या वह्या तपासताना मी आता फुली मारत नाही. जिथे पाऊल चुकलं त्या ओळीखाली बारीक रेघ मारते आणि वही परत देते. जास्त वेळ लागतो. ज्यांना रेघही नको, त्यांना फक्त "पहिल्या तीन ओळी बरोबर" एवढं लिहिते. तीन-चार मुलं आता खोडरबर न घेता वही उघडतात. बाकीची अजून सगळं खोडतात.

यंदाच्या प्रदर्शनासाठी मुख्याध्यापकांना एक विनंती केली आहे: प्रत्येक प्रतिकृतीशेजारी मुलाने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लावायची, करताना कुठे अडलं आणि मग काय केलं. ज्याच्याकडे लिहायला काही नाही, त्याची प्रतिकृती कुणी केली ते आपोआप कळेल. सर म्हणाले, पालक नाराज होतील. होतीलही. मुलीने यंदा पुन्हा पवनचक्की घेतली आहे. तिचं पातं वाकडं बसलंय, मला इथून दिसतंय. ती अजून विचारायला आलेली नाही.