फसलेल्या बॅचचीही नोंद हवी

रंग आणि कोटिंगच्या प्रयोगशाळांसाठी मिळणारी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहेत. पूर्वी त्यांत फॉर्म्युला साठवता येई, घटकांची बेरीज शंभर भरते का ते पाहता येई आणि लिटरमागे खर्च काढता येई. आजच्या प्रणाली वजनकाटा, व्हिस्कोमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर यांतले आकडे थेट उचलून घेतात. एखादा घटक बदलला की घनता, पीव्हीसी, व्हीओसी आणि खर्च लगेच नव्याने मांडतात. सेफ्टी डेटा शीटचा मसुदा तयार करून देतात. जुन्या ट्रायल साध्या भाषेत प्रश्न विचारून शोधता येतात. आणि आता पुढची ट्रायल कोणती घ्यावी याची शिफारसही त्या करू लागल्या आहेत.

प्रात्यक्षिक पाहताना नजर साहजिकच या शेवटच्या सुविधेवर खिळते. महिनाभराचे काम आठवड्यात होईल, ही आशा कोणाला नको असते? पण खरेदीचा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट आम्हाला आग्रहाने सांगायची आहे. या साऱ्या सुविधांचे मोल प्रयोगशाळा काय आणि कसे नोंदवते यावर ठरते. आपल्याकडे अनेक ठिकाणी जमलेली बॅचच तेवढी कागदावर येते. न जमलेली बॅच टाकाऊ मालाच्या ड्रममध्ये जाते आणि तिच्याबरोबर ती का जमली नाही हे ज्ञानही जाते.

आज बहुतेकांची भिस्त एक्सेलवर आहे. एक्सेल उत्तम साधन आहे, पण ते नोंदवही म्हणून घडवलेले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविडबाधित वगळले गेल्याचे उघड झाले. माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. त्याच वर्षी मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावे बदलली, कारण एक्सेल ती नावे तारखा समजून बदलून टाकत होते. आपल्याकडे ३-५ असा ट्रायल क्रमांक टाकला की तोही तारीख होऊन बसतो. कोणी कोणता आकडा कधी बदलला, हे फाइल आपण होऊन सांगत नाही. नावापुढे 'फायनल', 'फायनल २' लिहिलेल्या फाइलींतली उत्पादनाला गेलेली नेमकी कोणती, हे ती करणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तो नोकरी सोडून गेला की कोणालाच नाही.

म्हणून नव्या प्रणालीत सर्वांत आधी पाहावा तो कच्च्या मालाचा मास्टर. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे सगळे गणित त्याच्यावर उभे असते. पीव्हीसीचेच पाहा. ॲसबेक आणि व्हॅन लू यांनी १९४९ मध्ये क्रिटिकल पीव्हीसीची कल्पना मांडली आणि रंगाच्या फॉर्म्युल्याकडे वजनाऐवजी आकारमानाने पाहण्याची दृष्टी पक्की झाली. समजा, एका मॅट इमल्शनमध्ये खर्चासाठी थोडा कॅल्साइट काढून तेवढ्याच आकारमानाची चायना क्ले घातली. पीव्हीसीचा आकडा हलणार नाही. पण कॅल्साइटचे ऑइल ॲब्सॉर्प्शन १०० ग्रॅममागे साधारण १५ ते २० ग्रॅम, तर चायना क्लेचे बहुधा ३५ ते ५० ग्रॅम असते. क्ले जास्त बाइंडर पिते आणि क्रिटिकल पीव्हीसी खाली येते. फॉर्म्युला ती सीमा ओलांडून गेला, तर फिल्ममध्ये पोकळ्या राहतात. गंमत अशी की त्या पोकळ्यांतल्या हवेमुळे वाळलेल्या फिल्मची अपारदर्शकता वाढते. पहिल्या दिवशी रंग अधिक झाकणारा दिसतो. स्क्रब टेस्ट आणि डागांची चाचणी घेतल्यावर खरे कळते. मास्टरमध्ये फक्त घनता भरलेली असेल तर प्रणाली हा धोका दाखवणार नाही. ऑइल ॲब्सॉर्प्शनही भरलेले असेल तर दाखवू शकेल.

दुसरी गोष्ट लॉटची. मास्टरमध्ये इमल्शनचे सॉलिड्स ५० टक्के लिहिलेले असतात. आलेला लॉट ४८ टक्क्यांचा असेल, तर २० टक्के इमल्शन असलेल्या फॉर्म्युल्यात बाइंडर १० ऐवजी ९.६ भागच पडतो. एकेका ट्रायलला वापरलेला लॉट बारकोडने जोडून ठेवण्याची सोय आता अनेक प्रणालींत असते. ती जरूर वापरावी. सहा महिन्यांनी तक्रार आली तर दोष फॉर्म्युल्याचा, लॉटचा की उत्पादनाचा, हा वाद तासाभरात मिटू शकतो.

उपकरणे प्रणालीला जोडण्याचा फायदा वेळ वाचतो एवढाच नाही. चाचणी होते त्याच क्षणी नोंद होते, हा मोठा फायदा आहे. मात्र आकड्याबरोबर परिस्थितीही यायला हवी. स्पिंडल क्रमांक आणि आरपीएम नसेल तर ब्रुकफील्डचा आकडा निरुपयोगी असतो. क्रेब्स युनिटबरोबर नमुन्याचे तापमान नसेल, तर नागपूरच्या मे महिन्यातल्या आणि जानेवारीतल्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. हे रकाने रिकामे ठेवून पुढे जाता येणार नाही, अशी मांडणी विक्रेत्याकडून करून घ्यावी. सुरुवातीला तंत्रज्ञ कुरकुर करतील, महिन्याभरात सवय होईल.

औषधउद्योगातल्या आपल्या सहकाऱ्यांना हे सारे कायद्याने शिकवले. अमेरिकेत संगणकीय नोंदी आणि सह्यांचे नियम १९९७ मध्येच आले. भारतात सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यात संगणकीकृत प्रणालींचा स्वतंत्र विचार आहे. नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, कामाच्या वेळीच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी, ही पाच तत्त्वे त्या क्षेत्रात नव्या रसायनतज्ज्ञाला पहिल्यांदा शिकवतात. रंगउद्योगावर तेवढी सक्ती नाही. सक्ती नसताना ही शिस्त पाळणारी प्रयोगशाळा स्पर्धेत पुढे राहील, असा आमचा विश्वास आहे.

आता शिफारस करणाऱ्या सुविधेकडे येऊ. तिच्यामागचे शास्त्र नवे नाही. रोनाल्ड फिशर यांचे प्रयोगांच्या आखणीवरचे पुस्तक १९३५ चे. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ मध्ये अकरा घटकांचा प्राथमिक अंदाज बारा प्रयोगांत घेण्याची रीत दिली. त्याच दशकात सी. आर. राव यांनी ऑर्थोगोनल ॲरे मांडले. पुढे जगभरच्या कारखान्यांत वापरल्या गेलेल्या आखण्यांचा तो पाया आहे. आपल्या कामाच्या सर्वांत जवळचे काम शेफे यांचे, १९५८ चे. मिश्रणात सर्व घटकांची बेरीज शंभरच असते, त्यामुळे एक घटक वाढवला की दुसरा कमी होतोच. म्हणून मिश्रणाच्या प्रयोगांची आखणी वेगळी करावी लागते, हे त्यांनी दाखवले. असे असूनही आपल्याकडे एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याची पद्धत चालू आहे. डिस्पर्संट आणि थिकनर एकमेकांवर कसा परिणाम करतात, हे त्या पद्धतीने कधीच नीट कळत नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही आखणी संख्याशास्त्राचा विशेष अभ्यास नसलेल्यालाही करता येते. आमच्या मते या सुविधेचा आज सर्वांत मोठा आणि निश्चित लाभ हाच आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे जुन्या माहितीवरून शिकून भाकीत करणारे मॉडेल. इथे फसलेल्या बॅचचे महत्त्व सर्वांत जास्त. मॉडेलला फक्त यशस्वी फॉर्म्युले दिले, तर त्याला कडा कुठे आहे हे कसे कळणार? थिकनर किती वाढवल्यावर फ्लो बिघडला, डिस्पर्संट किती कमी केल्यावर सेटलिंग झाले, कोणत्या डीफोमरने क्रेटर आणले, कोणती बॅच ५० अंशांच्या ओव्हनमध्ये तिसऱ्या आठवड्यात घट्ट झाली, या नोंदींतूनच मॉडेल मर्यादा शिकते. त्या नसतील तर ते मधल्या सुरक्षित पट्ट्याबाहेर पाऊल टाकताच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल. म्हणून विक्रेत्याला विचारावे, की तुमची प्रणाली भाकिताबरोबर अनिश्चितता दाखवते का? दिलेला फॉर्म्युला शिकलेल्या माहितीच्या बाहेरचा असेल तर तसे सांगते का? दोन्ही प्रश्नांना होकार नसेल तर ती शिफारस घेऊ नये.

या बाबतीत युरोपची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. औषधनिर्मितीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जुलै २०२५ मध्ये तिथे जो मसुदा विचारार्थ प्रसिद्ध झाला, त्यात महत्त्वाच्या निर्णयांसाठी वापरायचे मॉडेल एकदा तपासल्यावर स्थिर राहावे आणि त्याच माहितीवर तेच उत्तर द्यावे, अशी अपेक्षा धरली आहे. भाषा निर्माण करणारी मॉडेल अशा निर्णयांसाठी वापरू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. जुन्या अहवालांत शोध घेण्यासाठी किंवा सारांशासाठी ती चांगली आहेत. बॅच पास करण्याचा अधिकार मात्र चाचणीलाच आणि सही करणाऱ्या माणसालाच असावा.

नियमांची तपासणी ही आणखी एक उपयुक्त सुविधा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमच्या आत असले पाहिजे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. शिसे रंगद्रव्यातून, ड्रायरमधून किंवा फिलरमधल्या अशुद्धीतूनही येऊ शकते. प्रत्येक घटकाचे पीपीएम मास्टरमध्ये असेल तर प्रणाली बेरीज करून आधीच इशारा देते. प्रत्यक्ष चाचणी तरीही करायचीच. युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी एमआयटी हे प्रिझर्व्हेटिव्ह असेच अडचणीचे. १ मे २०२० पासून १५ पीपीएम किंवा त्याहून जास्त एमआयटी असलेला रंग तिथे त्वचेला ॲलर्जी आणणारा म्हणून वर्गीकृत होतो. आपण ते वेगळे घातले नाही, तरी इमल्शन आणि डिस्पर्संट यांच्याबरोबर ते येतेच. ही बेरीज माणसाच्या नजरेतून निसटते, प्रणालीच्या निसटत नाही. अट एकच: पुरवठादाराकडून माहिती मागून ती भरलेली असली पाहिजे.

लहान कारखानदारांच्या दोन शंका आमच्या कानावर नेहमी येतात. पहिली गुपिताची. फॉर्म्युला मालकाच्या डायरीत आणि कच्चा माल कोड क्रमांकाने, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. चांगल्या प्रणालीत कोणाला काय दिसावे हे ठरवता येते. ऑपरेटरला कोड आणि वजन, तंत्रज्ञाला चाचण्या, पूर्ण फॉर्म्युला मोजक्या दोघातिघांना. कोणी काय उघडले याचीही नोंद राहते, जी डायरीत राहत नाही. दुसरी शंका खर्चाची, आणि ती रास्त आहे. सर्व सुविधा एकदम घेण्याची गरज नाही. मास्टर, आवृत्त्यांचा इतिहास आणि ट्रायलची नोंद एवढ्यावर सुरुवात करावी, भाकीत नंतर घ्यावे. करारात मात्र एक कलम असलेच पाहिजे: आपली सर्व माहिती, चाचण्या आणि आवृत्त्यांसह, कोणत्याही क्षणी कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे. वर्गणी थांबली किंवा विक्रेता बंद पडला म्हणून वीस वर्षांचे ज्ञान अडकून पडता कामा नये.

हे काम प्रयोगशाळाप्रमुखाने स्वतः हाती घ्यावे, आयटी विभागावर सोडू नये. आणि त्यासाठी सॉफ्टवेअर येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या महिन्यापासून प्रत्येक ट्रायलच्या नोंदीत दोन रकाने वाढवा: ही ट्रायल का घेतली, आणि ती जमली नसेल तर नेमके काय बिघडले. फसलेल्या बॅचबद्दल कोणालाही बोल लावू नका, नाहीतर ती लपवली जाईल. निवृत्तीला आलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांजवळ बसून त्यांना आठवणाऱ्या फसलेल्या ट्रायल लिहून घ्या. उद्या कोणतीही प्रणाली घेतलीत, तरी तिच्यात भरण्यासारखे सर्वांत मौल्यवान असे हेच असेल.