हयातीचा दाखला कोणी द्यावयाचा?

नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतनधारकांच्या घरी एका कागदाची चिंता सुरू होते. तो कागद म्हणजे हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन यादीवर सही करावी लागे. रांग लांब असे, बसावयास बाक नसे. परंतु समोरचा कारकून बहुधा ओळखीचा असे आणि माणूस जिवंत आहे याची खात्री त्याला माणसाकडे पाहूनच पटत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र शासनाने 'जीवन प्रमाण' ही संगणकीय पद्धत सुरू केली, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हा दाखला मिळू लागला. परगावी मुलाकडे राहणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची त्यामुळे मोठी सोय झाली, हे प्रथमच मान्य करावयास हवे.

प्रश्न आहे तो या सोयीच्या खर्चाचा. कार्यालयातील खिडकी बंद होऊन तिचे काम संकेतस्थळावर गेले, म्हणजे खर्च नाहीसा झाला असे नव्हे. तो शासनाच्या खात्यातून निघून नागरिकाच्या खात्यावर चढला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मिळणारे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले, आणि पुढे एका दशकाहून अधिक काळ ते तेथून हलले नाही. आयुष्यभर विड्या वळलेल्या स्त्रीच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा नाकारते. ओटीपी जातो तो ज्या क्रमांकावर, तो क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो किंवा तो फोन मुलाच्या खिशात पुण्याला असतो. मग तालुक्याच्या सेवा केंद्राकडे खेप, 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर, पुन्हा दुसरी खेप. एस.टी.चे भाडे, केंद्रचालकाचे पैसे आणि सोबत आलेल्या सुनेची बुडालेली मजुरी यांची बेरीज त्या हजार रुपयांतून वजा होते. कोणत्याही अंदाजपत्रकात मात्र हा आकडा दिसत नाही, आणि कार्यक्षमता वाढल्याचे अहवाल तो वगळूनच लिहिले जातात.

अपंगांची कथा याहून कठीण. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. देशभर चालणारे एकच ओळखपत्र मिळावे म्हणून संकेतस्थळही उभारण्यात आले. कल्पना उत्तमच आहे. पण चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून टंकित करा, असे संकेतस्थळाने अंध अर्जदारास सांगावे, यास काय म्हणावे? माहिती व संपर्काची साधने अपंगांना वापरता येतील अशी असावीत, हे त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमात लिहिलेले आहे. तरीही ॲसिड-हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना व अंधांना, खातेदाराची ओळख पटविण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याच्या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने संगणकीय सेवा वापरता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि उघडझापेऐवजी अन्य मार्ग ठेवण्यास सांगितले.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यातच ठरले. आधारविषयक २०१८ च्या निकालानेही, नोकरीतून कमावलेले निवृत्तिवेतन हे अनुदानासारखे मानून त्यासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. तत्त्व इतके स्पष्ट असता व्यवहारात मात्र एक ठसा जुळला नाही की रक्कम थांबते, आणि ती का थांबली हे सांगणारा माणूस कोठेच भेटत नाही.

वस्तुतः संगणकाचा उपयोग उलट दिशेनेही होऊ शकतो. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२५ पासून केंद्रीय वितरण पद्धत लागू केली. त्यामुळे गाव किंवा बँक बदलल्यावर आदेशाचे कागद एका कार्यालयातून दुसरीकडे हलविण्याचे कारण उरले नाही. येथे काम यंत्रणेने केले, पेन्शनरास काहीच शिकावे लागले नाही. मृत्यूच्या नोंदींचेही तसेच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदींचा राष्ट्रीय संग्रह ठेवण्याची तरतूद झाली आहे. मृतांची नोंद शासनाच्याच दप्तरी असेल, तर कोट्यवधी जिवंतांनी दरवर्षी आपण मेलो नसल्याचे सिद्ध का करावयाचे? नोंदी अद्यापि सर्वत्र वेळेवर होत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण ती उणीव नोंदणी कार्यालयाची आहे, ऐंशी वर्षांच्या वृद्धेची नव्हे.

तोवर निदान एवढे करता येईल. दाखला आला नाही म्हणून रक्कम आपोआप थांबविण्यापूर्वी पोस्टमन किंवा तलाठी त्या घरी जाऊन यावा, आणि तो जाऊन आल्याची नोंद झाल्याखेरीज संगणकास रक्कम रोखण्याचा अधिकार नसावा. टपाल खात्याचे कर्मचारी आजही घरपोच दाखला काढून देतात. मात्र त्यासाठी मागणी वृद्धाने करावयाची असते. ती शासनाने करावी.