पंधराशे रुपये आणि आडवी बाटली

मागे बचत गटाची बैठक होती. मूलजवळच्या एका गावात, समाजमंदिराच्या ओट्यावर. हप्त्यांचा हिशेब सुरू होता आणि एक मावशी कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. त्यांचा हप्ता दोन महिन्यांपासून थकलेला. मी सहज विचारलं, "मावशी, लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले ना?"

त्या म्हणाल्या, "झाले ना ताई. आले तसे गेले. सरकार या हातानं मले देते, अन् त्या हातानं माह्या घरवाल्यापासून वापस घेते. मधात मी फक्त अंगठा लावाले!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण खरं सांगू मैत्रिणींनो, बी.ए.ला अर्थशास्त्राची पुस्तकं मीही वाचली होती, पण राज्याचा जमाखर्च इतक्या सोप्या भाषेत कुणी समजावून सांगितला नव्हता.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. महिन्याला पंधराशे रुपये. या योजनेला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. ज्या बाईने आयुष्यात कधी स्वतःच्या नावावर रुपया पाहिला नाही, तिला पंधराशेची किंमत विचारा! पण पैसा आकाशातून पडत नाही. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचं आणि देशी दारूवरचंही उत्पादन शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असा अंदाज सांगितला गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं कुणी म्हणेल. पण तिजोरी तर एकच आहे ना? आणि जी तिजोरी दारूवर भरते, तिला दारू कमी खपलेली परवडेल कशी?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायकांना हा प्रश्न नवा नाही. सहा वर्षांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग त्यात होतेच, पण गावोगावचे आदिवासी आणि बिगरआदिवासी, बाया आणि माणसं सगळेच त्यात होते. मग चंद्रपूरच्या बायका जाग्या झाल्या. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वात हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. हे तेच चिमूर, जिथे १६ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांविरुद्ध उठाव झाला होता. थंडीचे दिवस, धान कापणी-मळणीचा हंगाम, घरी लेकरं. मजुरी बुडवून त्या चालल्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव दिले. सरकारने समिती नेमली, समितीने बंदीची शिफारस केली, आणि फाईल बसली कपाटात! शेवटी सरकार बदललं. सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री असताना, १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा दारूमुक्त झाला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा सरकार बदललं. विजय वडेट्टीवार पालकमंत्री असताना, रमानाथ झा समितीच्या अहवालावरून २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. तेव्हा करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. दवाखान्यात खाटा मिळत नव्हत्या म्हणून माणसं गेली होती, शाळा बंद होत्या. आणि जुलैमध्ये दारूची दुकानं उघडली. शाळेआधी दुकान! त्या दुकानांपुढच्या रांगा पाहून आमच्या गटातली एक जण म्हणाली, "ताई, आपण चाललो ते कुठे गेलं?"

आता थोडं दुसरी बाजूही बघू. बंदी उठवणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की बंदी फसली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, तस्करीत बायका आणि मुलं ओढली गेली, महसूल बुडाला. यातलं बरंचसं खरं होतं, आणि ते आपणच कबूल केलेलं बरं. वर्धा नदीपलीकडे वणीकडून दारू यायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड भागात दारूची गाडी अडवायला गेलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला तस्करांनी चिरडून मारलं. त्याच्या घरातल्या बाईचं कुंकू बंदी राबवताना पुसलं गेलं. हे विसरून बंदीचे गोडवे गाणं मला जमत नाही.

पण म्हणून कायदाच काढून टाकायचा? हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. हुंडा थांबला का? बालविवाह थांबले का? गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली, तरी पानठेल्यावर पुडी मिळतेच. म्हणून कुणी म्हणतं का की हुंड्याला परवाना द्या, त्यावर कर लावा, तिजोरी भरेल? छपरातून पाणी गळतं म्हणून कुणी छप्पर काढत नाही. कवेलू फिरवतात!

काही शिकलेल्या मैत्रिणी मला विचारतात, "अगं, तू तर नेहमी म्हणतेस की सरकारने घरात लुडबूड करू नये. मग कुणी काय प्यावं हे सरकारने का ठरवायचं?" प्रश्न बरोबर आहे. कुटुंब, गाव, संस्कार यांची कामं सरकारने आपल्या हाती घेऊ नयेत, असंच माझं मत आहे. पण गावात दारूचं दुकान काय आपोआप उगवतं? ते सरकारच्या परवान्याने येतं, सरकारच्या शिक्क्याने चालतं. म्हणजे लुडबूड आधी सरकारनेच केलेली असते. आम्ही एवढंच म्हणतो, ती काढून घ्या. आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेच मादक पेयं बंद करण्यासाठी प्रयत्न करायला राज्याला सांगितलं आहे. आम्ही काही नवीन मागत नाही.

मोहाचा प्रश्नही येतो. आदिवासींच्या रीतीत देवाला मोहाचे थेंब वाहतात, जन्माला, लग्नाला, मरणाला मोह लागतो. त्याचा मान ठेवायलाच हवा. पण देवापुढचे दोन थेंब वेगळे, आणि तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे हाती आले की पिंपभर सडवा लावून गावाला विकणारा धंदेवाला वेगळा. हा फरक मुंबईच्या अधिकाऱ्याला कळणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या बाईला लगेच कळतो.

म्हणूनच माझा भरवसा जास्त गावावर आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थ बंद करण्याचा किंवा त्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथचं काम सुरू झालं. त्यात गावोगावी संघटना उभ्या राहिल्या. बायका स्वतः सडवा ओततात, विक्रेत्याला समज देतात, नाही ऐकलं तर दंड करतात. चंद्रपूरची बंदी उठली तेव्हा गडचिरोलीचीही उठणार अशी चर्चा निघाली, तर शेकडो गावांनी बंदी टिकवण्यासाठी ठराव दिले. तिथली बंदी टिकली, कारण ती नुसती सरकारी कागदावर नव्हती. आपल्याकडे इथेच आपण कमी पडलो, असं मला वाटतं. २०१५ ला जिंकलो आणि घरी जाऊन बसलो. वाटलं, आता पोलीस बघतील. पोलीस किती बघणार?

आता मधे फक्त वैनगंगा आहे. सावलीकडून पूल ओलांडला की गडचिरोली, ब्रह्मपुरीकडून गेलं की आरमोरी. एका तीरावर परवाना, दुसऱ्या तीरावर बंदी. आपली सैल झालेली गाठ शेजारणीच्या घरालाही सैल करते आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्याच पक्षांना विचारायची आहे. २०२१ मध्ये बंदी उठली तेव्हा विरोधी पक्षाने केवढा आवाज केला! २०२२ मध्ये तेच सत्तेवर आले, २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. मग बंदी परत का आली नाही? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही असाच गदारोळ झाला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. म्हणजे आवाज केला तर सरकार थांबतं. पण विरोधात असताना आठवणारी संस्कृती सत्तेत आल्यावर का विसरते? मी ज्या विचारांची आहे, त्या विचारांच्या माणसांना हे विचारताना मला संकोच वाटत नाही. घरच्यांनाच तर हक्काने बोलायचं असतं.

आणि शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. पूर्ण जिल्ह्याची बंदी येईल तेव्हा येवो, गावातलं परवान्याचं दुकान बंद करायला आजही आडव्या बाटलीचं मतदान आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे पंचवीस टक्के बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची तपासणी होते, मग मतदान. पण गंमत बघा. आमदार झालेल्या मतांतून निवडून येतो. आडवी बाटली मात्र यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच जिंकते. आमच्या भागातल्या किती बायका मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या असतात! ती बाई तिकडे उन्हात मिरच्या तोडते आणि इकडे तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्या बाजूने मोजलं जातं. हा कुठला न्याय? झालेल्या मतांतून निकाल लावा, आणि मजूर बायका गावात असतील अशाच दिवसांत मतदान घ्या. एवढी दुरुस्ती करायला तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही.

दारात मत मागायला येतील तेव्हा प्रत्येकीने हा एकच प्रश्न विचारायचा. पक्ष कुठलाही असो. त्या दिवशी बैठक संपल्यावर मावशींनी थकलेल्या हप्त्यातले शंभर रुपये कनवटीतून काढून दिले. म्हणाल्या, "एवढे लपवले होते, ताई." आपल्याच पैशाची आपल्याच घरात चोरी करायची वेळ कुठल्याही लाडक्या बहिणीवर येऊ नये, एवढंच मागणं आहे.