सीमारेषेवरचा आकडा : आत की बाहेर?

निवासी शाळेत इतिहास शिकविता शिकविता आम्हांस इंग्रजीचे तासही घ्यावे लागले. त्या तासांना आम्ही काळ शिकविले, प्रयोग शिकविले, पत्रलेखन करवून घेतले. परंतु एखादी रक्कम, अंतर वा कालावधी ओलांडला गेल्याचे इंग्रजी भाषा कोणत्या शब्दांत सांगते, हा भाग किरकोळ समजून आम्ही वर्षानुवर्षे सोडून दिला. तो किरकोळ नव्हता, हे आम्हांस एका विद्यार्थिनीने शिकविले.

बारावीनंतर महाविद्यालयात गेलेल्या या मुलीच्या वडिलांचा उत्पन्नाचा दाखला नेमका २,५०,००० रुपयांचा निघाला. अनुसूचित जातींसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पालकांचे वार्षिक उत्पन्न 'अडीच लाखांच्या आत' हवे, असे तिने ऐकले होते. आणि तसे सांगणारे आम्हीच होतो. तिने अर्जच केला नाही. पुढे मूळ नियम आम्ही डोळ्यांखालून घातला, तेव्हा उत्पन्न अडीच लाख 'एक्सीड' करणारे नसावे, एवढीच अट तेथे होती. अर्थात पूर्ण अडीच लाख चालत होते. तोवर मुदत टळली होती. त्या वर्षीची फी तिच्या आईने तेंदूपत्त्याच्या हंगामातील मजुरीतून भरली. सीमारेषेवर उभ्या असलेल्या मुलीस आमच्या तोंडच्या 'आत' या एका शब्दाने बाहेर ढकलले, ही खंत आम्ही आजही बाळगून आहोत.

दोष इंग्रजीचा नव्हता, मराठीचाही नव्हता. सैल वाचनाचा होता. इंग्रजीत मर्यादा सांगणाऱ्या शब्दांची चार घरे आहेत. 'मोअर दॅन', 'ओव्हर', 'अबव्ह', 'एक्सीडिंग' म्हणजे तो आकडा सोडून पुढे. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'नॉट लेस दॅन' म्हणजे तो आकडा धरून पुढे. 'नॉट एक्सीडिंग', 'नॉट मोअर दॅन', 'अप टू' म्हणजे तो आकडा धरून मागे. तर 'लेस दॅन' आणि 'बिलो' म्हणजे तो सोडून मागे. 'ओव्हर सिक्स्टी'मध्ये साठ बसत नाही, परंतु 'सिक्स्टी अँड ओव्हर' म्हटले की ते बसते. 'मोअर दॅन वन' या शब्दांपुढे क्रियापद एकवचनी येते, अर्थ मात्र दोन किंवा अधिक असा होतो.

या बाबतीत आपली मराठी दुबळी आहे, असे कोणी समजू नये. वयाची साठी उलटते, दहा वाजून जातात, महिना लोटतो, गाव नदीपलीकडे असते आणि धान्य खंडीच्या वर भरते. प्रत्येक मापाला आपल्याकडे वेगळे क्रियापद आहे; इंग्रजी मात्र बहुतेक ठिकाणी एका 'ओव्हर'वर भागविते. हा 'ओव्हर' आणि संस्कृत 'उपरि' हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द होत, आणि आपला 'वर' त्या 'उपरि'पासूनच आला. 'शंभराच्या वर' आणि 'ओव्हर अ हंड्रेड' यांत असे जुने नाते आहे. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचा चेहरा खुलतो.

परंतु नाते असले तरी हिशेब चोख हवा, कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात माणसाचे हक्क याच शब्दांवर तोलले जातात. २००६ चा वनहक्क कायदा घ्या. अनुसूचित जमातींबाहेरील पारंपरिक वननिवासींना, ज्यांत आपल्या समाजाचीही कुटुंबे येतात, १३ डिसेंबर २००५ पूर्वी 'अ‍ॅट लीस्ट' तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. पिढी म्हणजे २५ वर्षे, असे कायदाच सांगतो. म्हणजे किमान ७५ वर्षे. आपले वृद्ध 'आज्या-पणज्यापासून' म्हणतात. ते खरेच असते, पण त्यास आकड्याची जोड द्यावी लागते. वृद्धांचा लेखी जबाब नियमांनी पुरावा म्हणून मान्य केलेला आहे. मात्र निर्णयासाठी 'मोअर दॅन वन' पुरावे विचारात घ्यावेत, असेही ते नियम म्हणतात. एकच जबाब घेऊन निश्चिंत बसणाऱ्या दावेदारास या तीन शब्दांचा अर्थ कोणीतरी वेळेवर सांगावयास हवा.

याच कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. तेथे एकाच कलमात दोन वेगळी मापे येतात. तोडावयाची झाडे हेक्टरी ७५ 'नॉट एक्सीडिंग', म्हणून बरोबर ७५ चालतात. जमीन मात्र एक हेक्टरहून 'लेस दॅन', म्हणून बरोबर एक हेक्टर चालत नाही. वैयक्तिक शेतजमिनीचा हक्क चार हेक्टर 'एक्सीड' करू शकत नाही. सामूहिक वनहक्कास ही चार हेक्टरची मर्यादा लागू नाही. म्हणूनच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळू शकला.

ग्रामसभेच्या गणपूर्तीचेही तसेच. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार एकूण सभासदांच्या निम्म्याहून कमी उपस्थिती चालत नाही, आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. सभासद २०० असतील, तर १०० जण पुरेत. 'निम्म्याहून अधिक' असा चुकीचा अर्थ लावून १०१ व्या माणसासाठी सभा तहकूब झाली, तर तेंदूपत्त्याच्या ऐन दिवसांत पुन्हा शंभर माणसे जमवावी लागतात.

कोणी म्हणेल, हे वकिलांचे काम आहे. आम्हांस ते पटत नाही. ग्रामसभा वकील शेजारी बसवून भरत नाही, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी एकटीच संगणकासमोर बसलेली असते. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानाचे कलम ३२६ पाहा. मतदाराचे वय ठरलेल्या तारखेस २१ वर्षांहून 'नॉट लेस दॅन' असावे, अशी तेथील रचना होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ चे १८ झाले, पण 'नॉट लेस दॅन' कायम राहिले. त्यामुळे त्याच तारखेस अठरा वर्षे पूर्ण करणारा तरुणही मतदार ठरतो. तेथे 'मोअर दॅन' असते, तर तो बाहेर राहिला असता. संविधानावर श्रद्धा ठेवणाऱ्या समाजाने त्यातील शब्दही असे मोजून वाचले पाहिजेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळेत आठवीपासून हे शब्द व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर खऱ्या अर्जांवरून शिकवावेत: शिष्यवृत्तीची जाहिरात, वनहक्काचा दावा, नोकरभरतीतील वयोमर्यादा. प्रत्येक वाक्यापाशी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा : हा आकडा स्वतः आत आहे की बाहेर? माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावी आल्यावर एखादी संध्याकाळ पालकांचे अर्ज वाचून देण्यासाठी द्यावी. आणि आम्ही शिक्षकांनी मराठीत सांगताना 'आत', 'वर' असे मोघम शब्द टाळून 'अडीच लाख किंवा त्याहून कमी' असे पूर्ण सांगावे.

ती विद्यार्थिनी आज स्वतः शिक्षिका आहे. फळ्यावर कोणतीही मर्यादा लिहिली की ती त्या आकड्याभोवती खडूने गोल काढते आणि मुलांना तोच प्रश्न विचारते. आमच्याकडून जे राहून गेले, ते ती करीत आहे, याचे आम्हांस समाधान वाटते.