सत्रारंभाची तयारी

मृगाच्या सरी मावळात उतरल्या, की खाचरांत भाताची लगबग सुरू होते आणि घरोघर मुलांच्या महाविद्यालयीन सत्राची. वह्या आणल्या, छत्री दुरुस्त केली, शुल्क भरले, म्हणजे तयारी झाली, असे वडीलधाऱ्यांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे.

लोणावळ्याहून पुणे सुमारे ६४ किलोमीटर. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली. परंतु पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, तेव्हा घरी राहून पुण्यास शिकणे मावळच्या मुलींस पुष्कळ सोपे झाले. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींस घर ते महाविद्यालय असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे विनामूल्य देते. महाविद्यालयाचा दाखला तेवढा वेळेवर घ्यावा.

तथापि जाण्यायेण्यात रोज जवळजवळ तीन तास मोडतात. दमून परतलेल्या मुलाच्या हाती चहाचा पेला आणि मुलीच्या हाती लाटणे, हा प्रकार एकत्र कुटुंबांत अद्याप दिसतो. आमच्या घरीही गतवर्षी तेच घडले. कन्येचे दोन विषय राहिले, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

यंदा कामांची वाटणी नव्याने केली आहे. पहाटेचा डबा तिच्या काकू करतात, सायंकाळची भाजी तिचा भाऊ चिरतो आणि माडीवरची खिडकीजवळची जागा रात्री तिची. आजोबांनी दूरचित्रवाणीचा आवाज आपण होऊन कमी केला.

सत्र मुलीचे असले, तरी त्याची तयारी साऱ्या घराने करावी लागते. आम्ही हे उशिरा शिकलो. वाचकांनी तेवढा उशीर करू नये.