तपासणीचा अर्धा तास कोणाचा?

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गासारख्या कामांवर माती-खडी उचलण्यासाठी लोडर लागतो. अपघात घडला की दोष चालकाच्या माथी मारणे सोपे असते. वस्तुतः हे यंत्र मध्यभागी दुमडून वळते. त्या सांध्यात माणूस चिरडू शकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून सांध्याला अडसर लावणे अनिवार्य आहे. ब्रेक, टायर, तेलगळती आणि मागे जाताना वाजणारा भोंगा यांची तपासणी रोज हवी. परंतु मजुरी खेपांवर ठरली, की तपासणीचा वेळ चालकाच्या भाकरीतून कापला जातो. हा अर्धा तास भरपगारी कामाचाच मानावा आणि नादुरुस्त यंत्र नाकारणाऱ्याची रोजी शाबूत राहावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक कंत्राटदारापुढे लावून धरली पाहिजे.