कुंपण कुणाचं काढायचं?

आदिवासींच्या जमिनीवरचे निर्बंध उठवा, निदान ती भाड्याने देण्यावरचे तरी, ही मागणी पुन्हा जोर धरते आहे. २०२५च्या सप्टेंबरात राज्यात तशी घोषणाही झाली. आदिवासी शेतकऱ्याने आपली जमीन खासगी उद्योगाला थेट भाडेपट्ट्याने द्यावी, एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये घ्यावेत, परवानगीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवू नयेत, असा तिचा मथितार्थ. या घोषणेची पाठराखण करणारा एका अभ्यासू गृहस्थांचा लेख वाचनात आला. तो वाचून आलेला संताप अजून उतरलेला नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. १९७४चा कायदा आता कालबाह्य झाला आहे. त्याने आदिवासीला अज्ञान बालक ठरवलं. बाकीचे शेतकरी आपल्या जमिनीचे मालक, आदिवासी मात्र नुसता राखणदार. जमीन विकता येत नाही म्हणून तिला भाव नाही, बँक तारण म्हणून धरत नाही म्हणून कर्ज नाही, भाड्याने देता येत नाही म्हणून ती पडीक. मालक भाताच्या एका पिकावर भागवतो आणि दिवाळी झाली की बायकामुलांसह वीटभट्टीवर जातो. त्याला मोकळं करा, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सौर प्रकल्प येतील, घरबसल्या पैसे मिळतील. याला विरोध करणाऱ्यांना आदिवासी कायम लंगोटीतच पाहायचा आहे.

शेवटच्या वाक्याला उत्तर देण्याची गरज नाही. पण ‘बाकीचे शेतकरी मालक’ हे वाक्य मी सोडणार नाही. सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे आणि ते धादांत चूक आहे.

महाराष्ट्रात शेतजमीन मन मानेल त्याला विकण्याची मुभा कुणालाच नाही. कुळकायद्याच्या ६३व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला बंदी आहे. उद्योगासाठी काही सवलत आहे, एरवी कलेक्टरची परवानगी लागते. म्हणून तर शहरातला माणूस गावाकडे जमीन घ्यायला निघाला की आधी आजोबांचा सातबारा शोधतो, चुलत्यांची मनधरणी करतो, ‘शेतकरी असल्याचा दाखला’ मिळावा म्हणून तहसील कचेरीत हेलपाटे घालतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. त्याने किती गुंठ्यांखालचा तुकडा विकता येणार नाही ते ठरवून दिलं. वतनाच्या, इनामाच्या, पुनर्वसनात मिळालेल्या कितीतरी जमिनी भोगवटादार वर्ग दोनमध्ये आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर शर्त लिहिलेली असते आणि ती मोडली तर जमीन सरकारजमा होऊ शकते. या कायद्यांनी मराठा, कुणबी, माळी शेतकऱ्याला अज्ञान बालक ठरवलं असं कुणी कधी म्हटलं का? उलट ६३वं कलम ढिलं करायची नुसती कुणकुण लागली तरी आरडाओरडा होतो: शेतकरी देशोधडीला लागेल, धनदांडगे जमिनी गिळतील. हा आरडाओरडा रास्त आहे, मीही त्यात आहे. पण जे कुंपण आपल्या शेताला हवं, तेच आदिवासीच्या शेताला असलं की तुरुंग कसं होतं, हे या गृहस्थांनी सांगावं.

आता भाडेपट्ट्याकडे या. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, कुठेही जा, आपली जमीन दुसऱ्याला कसायला देणारा शेतकरी कागद करतो का? शंभरातले नव्वद करत नाहीत. व्यवहार तोंडी. अर्धेलीने द्यायचं, खंडाने द्यायचं, पण लिहून काही द्यायचं नाही. पीकपाहणीत दुसऱ्याचं नाव लागलं की याच्या पोटात गोळा उठतो. कूळ लागेल, जमीन जाईल, ही धास्ती १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनापासून पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. सख्ख्या भावाला बांधापलीकडचं वावर दोन हंगाम द्यायचं, तरी रात्री झोप लागत नाही. असा समाज मोखाड्याच्या कातकऱ्याला आणि धडगावच्या भिल्लाला सांगतो की, बाबांनो, तुम्ही मात्र एका कंपनीला तीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून द्या. का? त्यांना भीती वाटायचं कारण नाही? शेजारी आणि भाऊ यांच्यापेक्षा कंपनी भरवशाची? कंपनीचा वकील वांद्र्याला बसतो आणि करारातलं बाराव्या पानावरचं कलम पाड्यावर कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून ती भरवशाची? हे दुटप्पीपण लेखात कुठेच कबूल केलेलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

शिवाय भाड्याने देताच येत नाही, हे विधान खोटं आहे. महसूल संहितेचं ३६अ कलम उघडून पाहावं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने किंवा गहाण देता येते, त्याला कलेक्टरची पूर्वमंजुरी लागते. त्यापुढची मुदत, विक्री, बक्षीस, अदलाबदल यांना कलेक्टरच्या मंजुरीबरोबर राज्य सरकारचीही संमती लागते. म्हणजे वाट आजही आहे. नको आहे ती पाच वर्षांची मर्यादा. भांडण भाडेपट्ट्याच्या लांबीवरून आहे, ते आदिवासीच्या स्वातंत्र्याचं म्हणून का मांडायचं?

आणि ही लांबीच जीवघेणी आहे. तीस वर्षांचा माणूस सही करेल तेव्हा त्याचा मुलगा अंगणवाडीत असेल. करार संपेल तेव्हा तो मुलगा बापाएवढा होऊन गेलेला असेल आणि भाताच्या आवणाला हात न लावता वाढलेला असेल. खाचराचे बांध सपाट झालेले असतील. पाणी अडवायला, वाहून जाऊ द्यायला पिढ्यान्‌पिढ्या घातलेली ती मातीची रचना यंत्र एका दिवसात मोडतं, ती परत बांधायला दोन-तीन पावसाळे जातात आणि जाणती माणसं लागतात. जमीन कागदावर त्याचीच राहील. शेतकरी तेवढा उरणार नाही.

आता १९७४ साली कायदा का करावा लागला, ते या गृहस्थांनी वगळलं आहे. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. पुढच्या सतरा वर्षांत ठाण्यापासून चंद्रपूरपर्यंत ती हातोहात निसटली. सावकाराचं देणं, दुकानाची उधारी, कोऱ्या कागदावरचे अंगठे, साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं. म्हणून विधिमंडळाने दोन गोष्टी केल्या. पुढच्या हस्तांतरावर ३६अ कलमाने आळा घातला. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याचा वेगळा कायदा केला. ती परतही फुकट नव्हती. आदिवासीने आकाराच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत भरायची, त्यासाठी जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्ते, आणि जमीन मी स्वतः कसेन अशी हमी द्यायची. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला. ती हमी नीट वाचा. आदिवासी हा जमीन कसणारा शेतकरी आहे, हे या राज्याच्या सभागृहाने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलं.

आणि तेच सभागृह ते विसरतं. शेतीवर चर्चा असते तेव्हा कापूस, सोयाबीन, ऊस, कांदा. आदिवासींवर असते तेव्हा कुपोषण, आश्रमशाळा, नोकरभरती. नागली, वरई, खुरासणी यांच्या भावावर लक्षवेधी किती वेळा लागली? मार्च २०१८मध्ये नाशिकहून हजारो माणसं चालत मुंबईत आली. दहावीच्या पोरांना परीक्षेच्या दिवशी त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत चालून काढला. मागणी होती कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यांची. तेव्हा सभागृहात सांगण्यात आलं की, यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गरीब आदिवासी आहेत. लगेच बाहेर शहाण्यांनी अर्थ काढला: म्हणजे हे शेतकरी नव्हेतच. पायाची सालटी निघालेली माणसं शेतकरी आहेत की नाहीत, यावर आठवडाभर वाद चालला. पट्ट्यांचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन मिळालं आणि त्यानंतरही पुन्हा मोर्चे काढावे लागले.

वन हक्क कायदा २००६चा. तो होत असताना याच विचाराची मंडळी म्हणत होती, पट्टे देऊ नका, हे लोक जमिनी विकून टाकतील. केंद्राच्या त्या कायद्यात म्हणून स्पष्ट लिहिलं आहे की, हा हक्क वारसाने मिळेल, पण हस्तांतर करता येणार नाही. आता तीच मंडळी म्हणतात, विकता येत नाही हा अन्याय आहे. तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ साली वेठ नाकारली. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी आयुष्यभर मालकाच्या दारात राबणारे लग्नगडी तेव्हा मोकळे झाले. मालक गेला तर हे जगतील कसे, असा कळवळा तेव्हाही दाखवला गेला. ते जगले.

बँकेचा मुद्दा: कायद्यात गहाणाची वाट आहे, बँक शाखाच उघडत नाही. पडीक जमिनीचा मुद्दा: वरकस जमीन नागली-वरईनंतर विसाव्याला ठेवतात, तिला पडीक म्हणणाऱ्याने डोंगरावरची शेती पाहिलेली नाही.

एकरी ५० हजारांचं मात्र मी मान्य करतो. पावसाच्या भातात एवढे सुटत नाहीत. पण कंपनीला डोंगरउतार नको असतो. रस्त्याकडेची, वीज उपकेंद्राजवळची सपाट जमीन हवी असते, म्हणजे नेमकी खाचरं. आणि सातबारा पाहा. एकेका उताऱ्यावर आजोबांच्या वारसांची आठ-दहा नावं, त्यातली दोन मेलेली, एक बहीण लग्न होऊन वाड्याला गेलेली, एक भाऊ भिवंडीच्या भट्टीवर. इतर हक्कात ३६ आणि ३६अचा शेरा, फेरफार वर्षानुवर्षं प्रलंबित. दीड एकराचे पाऊण लाख या दहांत वाटायचे. कंपनीने एखाद्या वर्षी भाडं थकवलं तर कुणाच्या सहीने, कुठल्या कचेरीत दाद मागायची?

मग करायचं काय? पाणी द्या. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांतून मुंबईची तहान भागते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातात. तिथल्या खाचराला डिसेंबरात पाणी मिळालं तर भातानंतर वाल, हरभरा, भाजीपाला निघतो आणि माणूस भट्टीची उचल घेत नाही. वन हक्काचे दावे निकाली काढा, पट्ट्यांना स्वतंत्र सातबारा द्या, मेलेल्यांची नावं कमी करून वारसांच्या नोंदी पाड्यावर येऊन करा. नागली आणि वरईची हमीभावाने खरेदी गावात करा. आणि जमिनीचा काहीही निर्णय ग्रामसभेसमोर घ्या. जमीन परक्याच्या हाती जाण्यापासून रोखायचा आणि गेलेली परत मिळवायचा अधिकार अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ सालीच तिला दिला आहे. ग्रामसभेला व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे पाहावं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावर २००९ साली सामूहिक हक्क मिळवून त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला.

विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. भाडेपट्ट्याचं विधेयक आलंच तर त्या पंचवीस जणांनी पक्ष बाजूला ठेवून ते अडवावं. उरलेल्या २६३ जणांतही शेती असलेले पुष्कळ आहेत. आपल्या आमदाराला विचारा: तुमच्या स्वतःच्या बागायतीचा तीस वर्षांचा भाडेपट्टा एका खासगी कंपनीला नोंदवून द्याल का? तो हो म्हणाला तर सही करून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर या विधेयकाविरुद्ध मत द्यायला सांगा.